नैराश्यावर मेंदूचे उपचार: इंदूरच्या खेपांसकट हिशेब

दोन वेगवेगळी औषधं पुरेशा मात्रेत, प्रत्येकी सहा-आठ आठवडे नेमाने घेऊनही नैराश्य हटेना, की डॉक्टर मेंदूच्या उत्तेजनाचं नाव काढतात. धार-देवासच्या माणसाला त्यासाठी बहुधा इंदूरच गाठावं लागतं, म्हणून दवाखान्याच्या दराआधी खेपा मोजा.

आरटीएमएस म्हणजे चुंबकीय उपचार. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे. एकूण २० ते ३० सत्रं. खासगीत एका सत्राला साधारण हजारापासून चार-पाच हजारांपर्यंत घेतात. दोन हजार धरले तरी २५ सत्रांचे ५० हजार झाले. भूल लागत नाही. पहिल्या दिवशी डोक्यावर कॉइल धरून हाताचा अंगठा किती जोरावर हलतो ते बघतात, त्यावरून मात्रा ठरते. मग कपाळाच्या डाव्या अंगाला टकटक सुरू. नव्या पद्धतीत सत्र तीन मिनिटांत आटोपतं, पण खेपा तेवढ्याच राहतात. देवासहून रोज जाऊन-येऊन जमेल. धारहून साठेक किलोमीटर, तेव्हा इंदुरात महिनाभर नातेवाइकांकडे राहणं परवडेल. फिट येत असेल किंवा डोक्यात धातू, कानात कॉक्लियर इम्प्लांट असेल तर आधीच सांगा.

शॉक म्हणजे ईसीटी. सहा ते बारा सत्रं, आठवड्यातून दोन-तीनदा. अन्नपाणी सुटलं असेल, जिवाला धोका असेल, तर हाच उपचार जास्त खात्रीचा, असं माझं स्पष्ट मत आहे. सिनेमांनी त्याची फार बदनामी केली. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देण्यावर बंदी आहे; म्हणून बिलात भूलतज्ज्ञाची फी धरलीय का, ते विचारा. उपाशीपोटी जायचं, सोबत माणूस हवाच, म्हणजे त्याचाही रोज बुडणार. काही दिवस विसरायला होतं, क्वचित काही आठवणी कायमच्या जातात.

चौकशीची सुरुवात एमवाय रुग्णालयाच्या मनोविकार विभागात किंवा बाणगंगेच्या मानसिक रुग्णालयात करा; सरकारी ठिकाणी खर्च पुष्कळ कमी येतो. आयुष्मान कार्ड असेल तर कोणत्या रुग्णालयात चालेल, ते तिथल्या आयुष्मान मित्राला विचारून घ्या. मानसिक आजाराला इतर आजारांसारखंच विमासंरक्षण देणं २०१७च्या त्याच कायद्यानं बंधनकारक केलंय, मात्र भरती न होता घेतलेल्या सत्रांना विमा कंपन्या अनेकदा नकार देतात. पूर्वमंजुरी लेखी घ्या.

जीव द्यायचे विचार येत असतील तर हिशेबात वेळ घालवू नका, रुग्णाला एकटं सोडू नका, थेट रुग्णालयात न्या. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे.