चक्रीवादळानंतरचे दिवस : वीज नसताना घर, विहीर आणि वाडी



कोकण किनारपट्टीला वादळ नवीन नाही. ११ नोव्हेंबर २००९ रोजी आलेल्या फयान वादळाची आठवण किनाऱ्यावरील मच्छीमार कुटुंबांत आजही निघते. परंतु ३ जून २०२० रोजी दुपारी श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने जे दाखविले ते निराळे होते. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाचा वारा काही तासांत पुढे निघून गेला. वीज मात्र श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या तालुक्यांतील कित्येक वाड्यांवर अनेक आठवडे आली नाही. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेले आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर वाशिष्ठीच्या पुराखाली गेले. चिपळूणचा पूर वादळाचा नव्हता, तरी पाण्याखाली गेलेली मीटरपेटी, मोटर आणि विहीर यांचे प्रश्न तेच होते.

वादळाच्या दिवशी आपण सावध असतो. होड्या ओढून ठेवतो, गुरे सोडतो, पक्क्या घरात आसरा घेतो. अपघात व टाळता येण्यासारखे नुकसान बहुतांशी त्यानंतरच्या दिवसांत होते. म्हणून या लेखात वाऱ्याविषयी न लिहिता वारा थांबल्यानंतर काय करावे याविषयी माहिती देत आहोत.

वीज उशिरा का येते ?

आपल्या वाडीतील रोहित्र शाबूत दिसते, तरीही वीज येत नाही, अशी तक्रार प्रत्येक वादळानंतर होते. वीज परत येण्याचा एक क्रम असतो. प्रथम उपकेंद्र सुरू व्हावे लागते, मग उच्चदाब वाहिनी, मग गावाचे रोहित्र, त्यानंतर लघुदाब वाहिनी आणि सर्वांत शेवटी घराची जोडणी. डोंगरउतारावर, झाडीत असलेली वाडी या साखळीच्या टोकाला असते. कोकणात दोन खांबांमधील तार माड-पोफळींच्या आणि आंबा-फणसाच्या मधून जाते. एक झाड पडले की तारेबरोबर दोन-तीन खांबही वाकतात. त्यामुळे वादळाचा इशारा मिळताच आठ दिवसांची नव्हे, तर निदान तीन आठवड्यांची तयारी मनात धरावी.

गावकऱ्यांनी मदत जरूर करावी. खांबाचे खड्डे खोदणे, रस्त्यावरील खोड बाजूला करणे, खांब वाहून नेणे ही कामे गावाने अंगावर घेतल्यास कर्मचाऱ्यांचे दिवस वाचतात. मात्र तारेला टेकलेले किंवा तारेवर अडकलेले झाड आपण तोडू नये. वीज नाही म्हणून तार मेलेली आहे असे समजणे जिवावर बेतते. दुसऱ्या बाजूने वाहिनी केव्हाही सुरू होऊ शकते. पडलेली तार दिसल्यास माणसे व गुरे दूर ठेवावीत, शेजारच्या साचलेल्या पाण्यात पाय घालू नये आणि १९१२ या क्रमांकावर किंवा स्थानिक वीज कार्यालयात कळवावे.

जनरेटर व सौर संच

भाड्याने किंवा वर्गणीतून आणलेला जनरेटर पुष्कळ ठिकाणी घरातील एखाद्या प्लगमध्ये उलटी वायर घालून जोडला जातो. ही पद्धत अत्यंत धोक्याची आहे. जनरेटरची वीज मीटरमधून मागे जाऊन रोहित्रात शिरते व उच्चदाब होऊन बाहेर पडते. दोन किलोमीटरवर खांबावर चढलेल्या वायरमनला ती मारू शकते. जनरेटरसाठी चेंजओव्हर स्विच बसवावा. तो नसल्यास पंप किंवा दिवा थेट जनरेटरलाच जोडावा, घराच्या वायरिंगला नव्हे.

जनरेटर पावसापासून वाचविण्यासाठी पडवीत, गोठ्यात किंवा पंपघरात आणून ठेवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, रंग नसतो. झोपलेला माणूस जागा होत नाही. जनरेटर उघड्यावर, दारा-खिडक्यांपासून दूर ठेवून वर पत्र्याचा आडोसा करावा. पंपासाठी जनरेटर निवडताना एक गोष्ट लक्षात घ्यावी. मोटर सुरू होताना चालू स्थितीच्या कित्येक पट विद्युत प्रवाह ओढते. म्हणून ३ अश्वशक्तीच्या पंपाला ३ केव्हीएचा संच पुरत नाही, साधारण साडेसात केव्हीएचा लागतो.

छतावर सौर संच बसविलेल्यांची निराशा आणखी वेगळी असते. ऊन पडलेले, पॅनेल शाबूत, तरी घरात अंधार. विजेच्या वाहिनीला जोडलेला आणि बॅटरी नसलेला संच वाहिनी बंद होताच आपोआप बंद होतो. वायरमनच्या सुरक्षिततेसाठी तशीच त्याची रचना असते. हे संच घेताना विचारून घ्यावे. अडचणीच्या दिवसांसाठी बॅटरीवर चालणारा एक लहान सौर दिवा व मोबाइल चार्ज करण्याची सोय असलेले छोटे पॅनेल अधिक उपयोगी पडते. रेशनवरचे रॉकेल बहुतेक ठिकाणी बंद झाल्याने कंदिलाचा आधार आता उरलेला नाही. फुटलेले पॅनेलही उन्हात वीज देत असते, त्याला ओल्या हाताने स्पर्श करू नये.

पिण्याचे पाणी

निसर्ग वादळानंतर अंधारापेक्षा पाण्याचा प्रश्न जास्त जाचला. नळपाणी योजनेचा पंप बंद, घरच्या विहिरीवरील मोटर बंद. विहिरीत तोंडापर्यंत पाणी, पण काढणार कसे ? रहाट केव्हाच मोडीत गेला, काठावर जाळी बसवून त्यातून फक्त पाइप खाली सोडलेला. आमच्या मते प्रत्येक वाडीत निदान एका विहिरीवर रहाट, दोर आणि कळशी कायम चालू स्थितीत ठेवावी. वर्षातून चार वेळा तरी त्यावरून पाणी काढावे, म्हणजे दोर कुजला आहे की नाही हे कळते.

पुराचे पाणी शिरलेल्या विहिरीत शौचखड्ड्यातील व गोठ्यातील घाण मिसळलेली असते. पाणी गढूळ असल्यास आधी उपसा करावा, कारण गाळ असताना ब्लिचिंग पावडरचा पुरेसा परिणाम होत नाही. त्यानंतर विहिरीतील पाणी मोजावे. गोल विहिरीसाठी हिशेब सोपा आहे. व्यासाला व्यासाने गुणावे, त्याला पाण्याच्या खोलीने गुणावे (सर्व मापे मीटरमध्ये) आणि आलेल्या संख्येला ७८५ ने गुणावे, म्हणजे लिटर मिळतात. उदाहरणार्थ, ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असेल तर ३ × ३ × ४ × ७८५ म्हणजे सुमारे २८,००० लिटर पाणी झाले. दर १,००० लिटरला चांगल्या प्रतीची ब्लिचिंग पावडर २.५ ग्रॅम या प्रमाणात ७० ग्रॅम लागेल. पूर आल्यानंतर पहिल्या वेळी ही मात्रा दुप्पट, म्हणजे १४० ग्रॅम घ्यावी.

पावडर तशीच विहिरीत फेकू नये. बादलीत थोड्या पाण्यात कालवून तिची पेस्ट करावी, मग बादली पाऊण भरून ढवळावी व दहा मिनिटे निवळू द्यावी. चुन्याचा साका खाली बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत काढून ती बादली दोराने पाण्याखाली सोडावी आणि वरखाली हलवून मिसळावी. हे काम रात्री केल्यास सकाळपर्यंत पुरेसा वेळ मिळतो, परंतु निदान एक तास पाणी वापरू नये. पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे की नाही हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून तपासून घ्यावे. उघड्या पिशवीत राहिलेल्या जुन्या पावडरीचा जोर गेलेला असतो, ती वापरून समाधान मानू नये. घरी साठविलेल्या पाण्यासाठी अर्ध्या ग्रॅमची क्लोरीनची एक गोळी २० लिटरला पुरते. सरपण किंवा गॅस असेल तर पाणी उकळून घेणे उत्तमच.

समुद्राचे पाणी शिरलेल्या विहिरीचा खारेपणा ब्लिचिंगने जात नाही. उपसा करून पावसाचे गोडे पाणी भरू द्यावे. किनाऱ्यालगत मात्र जोराचा उपसा करून विहीर तळाला नेऊ नये. तसे केल्यास खालून खारे पाणीच ओढले जाते. थोडा थोडा, थांबून थांबून उपसा करावा.

भिजलेली मोटर

पाण्याखाली गेलेला पंप वीज येताच सुरू करून पाहण्याचा मोह होतो. त्यात बहुतेक वेळा गुंडाळी जळते. मोटर सोडवून, उघडून, गोड्या पाण्याने चिखल धुऊन पूर्ण वाळवावी. बेअरिंगमधील जुने ग्रीस काढावे. जाणकार कारागिराकडून मेगरने इन्शुलेशन तपासल्याखेरीज जोडणी करू नये. स्टार्टर, मीटरपेटी व केबलचे सांधे यांनाही हाच नियम लागू आहे. नवीन पेटी बसविताना ती पुराच्या खुणेपेक्षा वर बसवावी. विहिरीच्या पाण्यात बुडून राहणाऱ्या सबमर्सिबल पंपाची मोटर पाण्याने बिघडत नाही, परंतु तिचा वरचा पॅनेल भिजलेला असू शकतो.

वीज परत येते त्या दिवशीही घाई नको. ऑटो स्विच आधीच बंद करून ठेवावा. गावातील सर्व मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या तर नुकतेच दुरुस्त झालेले रोहित्र पुन्हा जळते. तिन्ही फेज व्यवस्थित आहेत का ते पाहावे. एक फेज गेलेली असताना मोटर घोंघावते व जळते, म्हणून सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवावा. आणखी एक अनुभव नेहमीचा आहे. मोटर चालते, आवाज बरोबर येतो, परंतु पाणी निम्मेही पडत नाही. वाहिनी दुरुस्त करताना फेजची अदलाबदल झाल्याने मोटर उलटी फिरत असते. पंपावरील बाणाची दिशा पाहावी व उलटी असल्यास वीजप्रवाह बंद करून तीनपैकी कोणत्याही दोन तारांची जागा बदलून घ्यावी. कित्येकांनी या साध्या दोषासाठी पंप उघडून पैसे खर्च केले आहेत.

वाडीतील कामे

वाडीत साचलेले पाणी चर काढून प्रथम बाहेर काढावे. पोफळी व मसाल्याच्या झाडांची मुळे तुंबलेल्या पाण्यात लवकर गुदमरतात. वादळानंतर वाडीची सावली नाहीशी होते आणि उरलेल्या पोफळींच्या खोडावर दुपारनंतरचे ऊन थेट पडते. त्या बाजूने खोड करपते, पुढे तेथेच चिरते. पावसाची उघडीप होताच दक्षिण-पश्चिम बाजूने खोडावर झावळ्या किंवा पोफळीची विरी बांधावी. कोळेरोगासाठी एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी (मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १०० लिटर) चुकवू नये. शेंडा पिळवटलेल्या माडाच्या कोंबाजवळही हेच मिश्रण ओतावे, म्हणजे कोंब कुजण्यास आळा बसतो.

पडलेल्या माडांची खोडे पावसात तशीच ठेवणे म्हणजे उभ्या माडांना शत्रू पोसणे होय. कुजणाऱ्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि जखमी माडांकडे सोंड्या भुंगा ओढला जातो. जून खोडांच्या फळ्या काढाव्यात. उरलेली खोडे उभी चिरून वाळवावीत किंवा खोल पुरावीत.

आंब्या-काजूची कोवळी कलमे मुळे ओली असतानाच चार-पाच दिवसांत उभी करावीत. एकतृतीयांश फांद्या छाटून, माती दाबून, तीन बाजूंनी आधार द्यावा. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावावी. जुनी, पूर्ण उपटलेली झाडे उभी करण्यात मजुरी घालवू नये. निम्मी मुळे जमिनीत असलेले झाड मात्र हलके करून आहे त्याच स्थितीत मातीची भर दिल्यास पुन्हा फुटते.

भाताची रोपवाटिका वाहून गेली असल्यास चिखलावर मोड आलेले बियाणे फेकण्याची रहू पद्धत वापरावी. बांध फुटून खारे पाणी शिरलेल्या खाचरात आधी बांध बांधावा, पावसाचे पाणी साठवून दोन-तीन वेळा सोडून द्यावे आणि मगच पनवेल १, पनवेल २ किंवा पनवेल ३ यांसारख्या क्षार सहन करणाऱ्या जातींची लागवड करावी.

चिखलात काम करताना पायाला जखम असल्यास गमबूट घालावेत. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. ताप, अंगदुखी व डोळे लाल झाल्यास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. बुरशी आलेली वैरण गुरांना घालू नये आणि घटसर्प व फऱ्या यांची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घेतली नसल्यास पशुवैद्यकांना विचारावे.

पंचनामा

निसर्ग वादळानंतर मदतीचा हिशेब प्रथम हेक्टरवर झाला. ज्यांची वाडी दहा-पंधरा गुंठ्यांची आणि त्यातही चार भावांत वाटलेली, त्यांच्या हाती फारच थोडी रक्कम येत होती. पुढे माड व पोफळीसाठी झाडांच्या संख्येचा विचार करण्यात आला. तेव्हा किती झाडे होती हे सांगण्यास पुष्कळांकडे कागद नव्हता. वाट मोकळी करण्यापुरती झाडे तोडण्यास हरकत नाही, परंतु बुंधे जागेवर राहू द्यावेत व तोडण्यापूर्वी फोटो काढावेत. तलाठी व कृषी कर्मचारी येतील तेव्हा मोजणीच्या वेळी स्वतः हजर राहावे आणि पंचनाम्यातील आकडा वाचूनच सही करावी.

दरवर्षी एप्रिलमध्ये वाडीतील माड, पोफळी, आंबा, काजू, जायफळ व मिरीचे वेल मोजून अंदाजे वयासह एका वहीत लिहावेत. सातबाऱ्यावर फळझाडांची नोंद आहे का हे त्याच वेळी पाहावे. ही वही, विम्याची पावती, बँक पासबुक व शिधापत्रिका यांच्या नकला प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पुराचे पाणी पोचणार नाही अशा उंच फळीवर ठेवाव्यात.