वीज पोचते, निरोप पोचत नाही

धूर दिसला तर तेथे अग्नी असावा, असे अनुमान करायला आपण तर्कशास्त्राच्या तासाला शिकतो. मात्र धुक्यालाच धूर समजले, तर तेच अनुमान फसते. माझे असे फसणे एका दिवाळीच्या सुट्टीत झाले. त्याला निमित्त झाले ते लॅपटॉपच्या कडेचे एक लहानसे यूएसबी पोर्ट.

मराठीच्या प्रकल्पासाठी मी आजीच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. सुट्टी संपत आली आणि मोबाइल मधूनच आपोआप बंद पडू लागला. गावी इंटरनेट बेताचेच. तेव्हा केबल जोडून ओव्या लॅपटॉपवर उतरवून घेणे एवढाच मार्ग होता. केबल जोडली. मोबाइलवर चार्जिंगचे चिन्ह उमटले, पण लॅपटॉपच्या पडद्यावर त्याचे नाव काही येईना. मी निष्कर्ष काढला : चार्जिंग होते आहे, त्याअर्थी केबल ठीक, पोर्टही ठीक, दोष मोबाइलचाच. दुकानात नेऊन तो कोरा करून घ्यायचे मी जवळजवळ ठरवले होते. तसे केले असते तर सगळ्या ओव्या पुसल्या गेल्या असत्या. आजीचा आवाज आता थकला आहे. त्या ओव्या पुन्हा तशा मिळणे नव्हते. म्हणून आधी हे यंत्र चालते कसे, ते समजून घ्यायचे ठरवले.

यूएसबी ही जोडणीची पद्धत 1996 साली प्रसिद्ध झाली. तिच्या घडणीत मोठा वाटा असलेले अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर, हे आपल्याला आवर्जून सांगण्याजोगे. या पद्धतीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात. बहुधा लाल आणि काळी या विजेच्या. पांढरी आणि हिरवी या माहितीच्या. म्हणजे एकाच वेष्टनात दोन स्वतंत्र वाटा आहेत. घरात नळाला पाणी येते म्हणून पोस्टमनही येतो असे आपण म्हणत नाही. तसेच हे आहे.

विजेच्या वाटेवर फारसे संभाषण लागत नाही. लॅपटॉप पाच व्होल्टचा दाब देतो आणि मोबाइलची बॅटरी भरू लागते. माहितीच्या वाटेवर मात्र आधी ओळखपाळख व्हावी लागते. जोडलेले उपकरण माहितीच्या एका तारेवरील दाब वर उचलते. ही त्याची हाक. लॅपटॉप ती ऐकतो, त्याला एक क्रमांक देतो आणि ‘तू कोण?’ असे विचारतो. उत्तर समजले तरच पडद्यावर नाव येते. हाकच पोचली नाही, तर चार्जिंग चालू राहूनही लॅपटॉपच्या लेखी दाराशी कोणीच नसते.

मग दोष शोधायचा कसा? येथे मला जॉन स्टुअर्ट मिलच्या 1843 सालच्या तर्कशास्त्रावरील ग्रंथातील व्यतिरेक पद्धती आठवली. बाकी सर्व तसेच ठेवून एकच गोष्ट बदलावी; फरक पडला तर कारण तेथे आहे. मी केबल बदलली : फरक नाही. जुनीच केबल दुसऱ्या पोर्टात घातली : फरक नाही. म्हणजे केबल निर्दोष, पोर्टही निर्दोष आणि पुन्हा मोबाइलच आरोपी! परंतु मिलनेच कारणांच्या अनेकत्वाचीही चर्चा केली आहे. दोन दोष एकाच वेळी असतील आणि त्यांपैकी कोणताही एक काम अडवायला पुरेसा असेल, तर एकेक गोष्ट बदलून काहीच हाती लागत नाही.

अशा वेळी खात्रीची एक वस्तू हवी. वर्गमैत्रिणीच्या संगणकावर नीट चाललेला पेनड्राइव्ह मी घेतला. पहिल्या पोर्टात तो दिसला नाही, दुसऱ्यात दिसला. म्हणजे पहिले पोर्ट सदोष. मग चांगल्या पोर्टात दुसरी केबल लावली. मोबाइलचे नाव लगेच आले. म्हणजे पहिली केबलही सदोष. ती घरातल्या चार्जिंगच्या दिव्याबरोबर आलेली होती. कापून पाहिली तर आत दोनच तारा निघाल्या, त्याही विजेच्या. अशा केबलींवर बाहेरून काहीच खूण नसते.

पोर्टाचा दोष अधिक मनोरंजक निघाला. यूएसबीच्या चपट्या प्लगमध्ये विजेच्या, कडेच्या दोन पट्ट्या लांब असतात आणि माहितीच्या, मधल्या दोन सुमारे एक मिलिमीटरने आखूड. आधी वीज जोडली जावी आणि मग बोलणे सुरू व्हावे, यासाठी ही योजना. माझ्या पोर्टात पिशवीतला कापूस तळाशी दाबून बसला होता. प्लग पूर्ण आत जात नव्हता. लांब पट्ट्या टेकत होत्या, आखूड टेकत नव्हत्या. लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून, लाकडी दातकोरणीने तो कापूस हलकेच काढला. धातूची टाचणी येथे कधीही वापरू नये.

माझ्यासारखी अडचण आलेल्यांनी पुढील क्रम ठेवावा. मोबाइलचे कुलूप उघडून, सूचनांमध्ये ‘फाइल ट्रान्सफर’ निवडले आहे का ते पाहावे. बहुतेक अँड्रॉइड मोबाइल आपण होऊन केवळ चार्जिंगच स्वीकारतात. मग खात्रीची केबल व खात्रीचा पेनड्राइव्ह वापरून पाहावे. लॅपटॉप ‘रीस्टार्ट’ करावा. विंडोज असल्यास ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावा : तेथे ‘अननोन डिव्हाइस’ असे दिसले, तर हाक पोचली पण ओळख पटली नाही, असे समजावे. तेव्हा ती नोंद काढून टाकून उपकरण पुन्हा जोडावे. काहीच उमटत नसेल, तर केबल आणि पोर्ट आधी तपासावे. टाइप-सी पोर्टात चोवीस जोडण्या असतात आणि प्लग दोन्ही बाजूंनी बसतो. एका बाजूने चालते, उलट केल्यावर चालत नाही, असे झाले तर काही जोडण्या निकामी झाल्या आहेत, असे मानून कारागिराकडे जावे. आणि दुरुस्तीला देण्यापूर्वी शक्य त्या मार्गाने आपला मजकूर दुसरीकडे ठेवावा.

त्या संध्याकाळी ओव्या लॅपटॉपवर उतरल्या. पडद्यासमोर बसून आजीने स्वतःचाच आवाज ऐकला आणि एका ओवीत राहून गेलेला शब्द मला सांगितला. मोबाइल कोरा करून घेतला असता, तर ती ओवीही गेली असती आणि ती दुरुस्तीही. चार्जिंगचे चिन्ह खोटे बोलत नव्हते. वीज येते आहे, एवढेच ते सांगत होते. उरलेले सगळे मीच त्याच्या तोंडी घातले होते.