घरी रक्त तपासले, म्हणजे हृदय तपासले का?



आपल्या जिल्ह्यातल्या एका वस्तीत मोटारसायकलवर एक जण आला. ‘घरबसल्या हृदयाची पूर्ण तपासणी’ असे सांगून त्याने दहा-बारा घरांतून रक्त घेतले, पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर रिपोर्ट आले. गवंडीकाम करणाऱ्या एका मामांचा रिपोर्ट नॉर्मल होता. घरचे निर्धास्त झाले. दोन महिन्यांनी रात्री मामांच्या छातीत भरून आले, दरदरून घाम फुटला. “रिपोर्ट तर साफ आहे, पित्त असंल,” म्हणून सोडा पाजला आणि सकाळ होण्याची वाट पाहिली. मामा वाचले, पण हृदयाचा स्नायू कमजोर झाला. आता त्यांना सिमेंटची पाटी उचलवत नाही. दवाखान्यात समजले की बीपी फार वाढलेला होता. तो आधी कधी कोणी मोजलाच नव्हता. तंबाखू तर वीस वर्षांपासूनची.

रिपोर्ट खोटा नव्हता. पण त्याने जे सांगितलेच नव्हते, ते घरच्यांनी त्यात वाचले. म्हणून हा विषय या महिन्यात घेत आहोत.

रक्त काय सांगते?

हृदयासाठी रक्तातली चरबी आणि साखर पाहतात. चरबीच्या तपासणीला लिपिड प्रोफाइल म्हणतात. साधारणपणे एकूण कोलेस्टेरॉल २०० च्या आत असावे. एलडीएल म्हणजे नळीत साचणारी चरबी. ती १०० च्या आत चांगली. एचडीएल पुरुषांत ४० आणि बायकांत ५० च्या वर असावे. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत असावे. उपाशीपोटी साखर १०० च्या आत ठीक. १२६ किंवा जास्त आली तर मधुमेहाची शक्यता, पुन्हा तपासून डॉक्टरांना दाखवावे. मधुमेहाने बाबासाहेबांचे शरीर शेवटच्या वर्षांत किती पोखरले होते, हे आपण विसरू नये.

रक्त काय सांगत नाही?

हृदयाच्या नळीत आज अडथळा आहे का, हे लिपिड प्रोफाइलला दिसत नाही. बीपी दिसत नाही. तंबाखू, गुटखा, मिश्री दिसत नाही. कोलेस्टेरॉल ठीक असूनही झटका आलेले रुग्ण आम्ही वॉर्डात पाहिले आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली हृदयाचा धोका मोजण्याचे तक्ते दिले. त्यांतला एक तक्ता रक्त न तपासता वापरायचा आहे. वय, स्त्री की पुरुष, तंबाखू-धूम्रपान, बीपी आणि उंचीच्या मानाने वजन, एवढ्यावर तो चालतो. म्हणजे धोक्याचा मोठा भाग सुई न टोचताच कळतो. आणि आपण उशीर करू नये, कारण भारतासारख्या दक्षिण आशियाई देशांत पहिला झटका इतरांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षे लवकर येतो, असे ५२ देशांतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले आहे.

मग आधी काय करावे?

१. बीपी मोजा. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसा, मग दोनदा मोजा. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा जास्त येत असेल तर डॉक्टरांकडे जा. गोळी सुरू झाली की बरे वाटले म्हणून बंद करू नका.

२. कंबर मोजा. पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर नसावी.

३. तंबाखू सोडा. पाचवे शील आपण दारूपुरते धरतो आणि मिश्रीची डबी कमरेला ठेवतो. ती डबीही त्यातच मोजा.

४. मीठ दिवसाला एक छोटा चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठही त्यातच धरा. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी हेच आपले चांगले अन्न आहे.

तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची बीपी आणि साखरेची तपासणी उपकेंद्रात, आयुष्मान आरोग्य मंदिरात फुकट होते. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, त्यात गुण चारच्या वर गेले तर तपासणी आधी करायची असते. ताईंना “वेळ नाही” म्हणून परत पाठवू नका. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी कोयता उचलण्याआधी तपासून घ्यावे आणि गोळ्या सोबत न्याव्यात.

तरीही घरी रक्त द्यायचे असेल तर

सुई आपल्यासमोर नवीन फोडली पाहिजे. नळीवर नाव आपल्यासमोर लिहिले पाहिजे. नमुना थंड पेटीत जातो का, पहा. रिपोर्टवर लॅबचे नाव आणि पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांची सही हवी. साठ-सत्तर तपासण्यांच्या पॅकेजला भुलू नका; हृदयासाठी त्यांतल्या मोजक्याच लागतात. उपाशीपोटी म्हणजे नऊ ते बारा तास, पाणी चालते. बीपीची गोळी स्वतःहून चुकवू नका. बोटाला टोचून घरी मोजायची पट्टी असेल तर ती आपल्याकडच्या उन्हात पत्र्याखाली ठेवू नका, खराब होते. एकाची टोचणी दुसऱ्याला कधीही नको. रिपोर्ट नॉर्मल असो की नसो, डॉक्टरांना दाखवा.

छातीत दुखले तर तपासणी नाही, दवाखाना

छातीत दाब, दुखणे हात, जबडा किंवा पाठीत जाणे, घाम, धाप लागली तर १०८ ला फोन करा. बायकांना कधी नुसताच दम, मळमळ, अचानक गळून जाणे असे होते. त्याला पित्त म्हणून सोडू नका. जुना रिपोर्ट शोधत बसू नका, रुग्णाला चालवू नका. ईसीजी आणि रक्तातली ट्रोपोनिन तपासणी दवाखान्यातच होते, कधी कधी पुन्हा करावी लागते. रेशनकार्ड आणि आधार एका पिशवीत तयार ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी होते.

तथागतांनी कालामांना सांगितले, की ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः तपासा. मोबाईलवर आलेला ‘नॉर्मल’ हा शब्दही त्याच कसोटीवर घासून पहावा. येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर एक खुर्ची आणि बीपीचे मशीन ठेवा, आशाताईंना बोलवा. आधी घरातल्या आयांना बसवा. त्या स्वतःहून कधीच बसत नाहीत.

जय भीम! नमो बुद्धाय!