पोलिसांचे बिनतारी यंत्र आणि त्याची राखण

कोजागरीला भरणाऱ्या पेडण्याच्या पुनवेस लोकांची अलोट गर्दी लोटते. त्या गर्दीत उभ्या असलेल्या पोलिसाच्या हाती एक लहानसे काळे यंत्र असते व ते मधूनमधून खरखर करीत बोलते. ह्यालाच वॉकीटॉकी म्हणतात. हे यंत्र चोराच्या हाती पडले तर काय अनर्थ होईल, आणि तो टाळण्यासाठी कोणते उपाय योजावयास हवेत, ह्याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

टेलिफोन आणि हे यंत्र ह्यांत मूळचाच भेद आहे. टेलिफोनवर दोघेच बोलतात. बिनतारी यंत्राचे बटण दाबून एकाने उच्चारलेला शब्द त्या वाहिनीवरील सर्वांस एकाच क्षणी ऐकू जातो. हातातील यंत्राची शक्ती थोडी असते. म्हणून उंच जागी 'रिपीटर' नावाचे केंद्र उभारतात. ते क्षीण लहरी ग्रहण करून अधिक जोमाने पुढे धाडते. अमेरिकेतील बेयॉन शहराच्या पोलिसांनी 1933 मध्ये अशी दुतर्फा संभाषणाची व्यवस्था मोटारींत बसविली. आपल्या देशात पोलिसांच्या बिनतारी सेवेचा मेळ घालणारे केंद्रीय खाते 1946 मध्ये स्थापन झाले.

लहरींना सीमा ठाऊक नसते. आपल्या मुक्तिलढ्यात ह्याचा प्रत्यय आला आहे. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ह्यांनी 1955 मध्ये आंबोलीच्या जंगलातून गुप्त आकाशवाणी सुरू केली. पोर्तुगीजांचे पहारे सीमेवर होते, तरी स्वातंत्र्याचा आवाज गोव्यातील घराघरांत पोचत होता. तेथे जो गुण होता, तोच पोलिसांच्या कामी दोष ठरतो. साध्या पद्धतीच्या यंत्रावरील संभाषण त्याच वाहिनीवर लावलेल्या कोणत्याही ग्राहकयंत्राला ऐकू येते. पोलीस कोठे निघाले हे चोरास आधीच कळले, तर त्यांच्या धावण्याचा उपयोग काय?

परंतु चोरून ऐकणे हा लहान धोका होय. मोठा धोका खोट्या आज्ञेचा आहे. मोरजीच्या किनाऱ्यावर रापण ओढताना तांडेलाची हाक आली की सगळे एका दमाने दोर ओढतात. हाक कोणी दिली हे पाहण्यास कोणी थांबत नाही. भलत्यानेच हाक दिली तर जाळे फाटेल. पोलिसांच्या वाहिनीवरील आवाजाचेही तसेच आहे. तो आपल्याच माणसाचा आहे अशी सर्वांची श्रद्धा असते. यंत्र चोरणारा खरे पाहता ही श्रद्धाच चोरतो. यंत्राची किंमत भरून काढता येते. एका खोट्या निरोपाने चुकीच्या जागी गेलेली तुकडी वेळेवर परत आणता येत नाही. शिवाय कोणी बटण नुसते दाबून धरले, तरी इतरांचा मार्ग अडतो व मदतीची खरी हाक बुडून जाते.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईत घडलेला प्रसंग ह्या संदर्भात मननीय आहे. कामा रुग्णालयाजवळ हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे अधिकारी ज्या पोलीस वाहनात होते, त्यावर दोघा अतिरेक्यांनी गोळीबार केला. तिघेही अधिकारी हुतात्मे झाले, आणि अतिरेकी तेच वाहन घेऊन निघाले. वाहनाबरोबर त्यातील बिनतारी संचही काही काळ शत्रूच्या ताब्यात गेला. मागच्या भागात अरुण जाधव हे पोलीस कर्मचारी जबर जखमी होऊन पडले होते. अतिरेक्यांनी ते वाहन सोडून दुसरी मोटार बळकावल्यावर जाधवांनी त्याच संचावरून नियंत्रण कक्षास खबर दिली. पुढे गिरगाव चौपाटीवर ती मोटार अडविण्यात आली व तुकाराम ओंबळे ह्यांच्या आत्मबलिदानाने अजमल कसाब जिवंत हाती लागला. एकच यंत्र शत्रूच्या हाती संकट ठरते आणि कर्तव्यनिष्ठाच्या हाती आधार होते, हे ह्यावरून ध्यानी येईल.

आता उपायांकडे वळू. पहिला उपाय अगदी साधा आहे. प्रत्येक यंत्रास क्रमांक असावा. घेताना व परत करताना वहीत सही व्हावी. पाळी संपताच यंत्रांची मोजणी होऊन ती कुलुपात जावीत. रिकाम्या वाहनात यंत्र सोडू नये. दुसरा उपाय नव्या विद्येचा आहे. आधुनिक डिजिटल यंत्रास स्वतःची ओळख असते. ते हरवल्याचे कळताच नियंत्रण कक्ष दुरूनच त्यास तात्पुरते वा कायमचे निकामी करू शकतो. मात्र त्यासाठी यंत्र चालू व लहरींच्या टप्प्यात असावे लागते. म्हणून हरवल्याची खबर तत्काळ देणे, हा सर्वांत मोठा उपाय होय. शिक्षेच्या भयाने जो शिपाई सकाळपर्यंत गप्प राहील, तो चोराला अख्खी रात्र बहाल करील. अधिकाऱ्यांनीही खबर देणाऱ्यास आधी धीर द्यावा व चौकशी मागाहून करावी.

तिसरा उपाय संभाषण गूढ लिपीत बदलण्याचा. गुपित उलगडणारी किल्ली ज्याच्यापाशी, त्यालाच ते समजते. परंतु किल्ली तोकडी असेल तर कुलूप व्यर्थ. अनेक देशांचे पोलीस वापरतात त्या 'टेट्रा' पद्धतीच्या एका प्रकारातील 80 बिटांची किल्ली प्रत्यक्षात 32 बिटांइतकीच उरते, असे डच संशोधकांनी 2023 मध्ये दाखवून दिले. बिट एकाने वाढला की किल्ल्यांची संख्या दुप्पट होते. 32 बिटांच्या किल्ल्या सुमारे 429 कोटी भरतात. संख्या प्रचंड वाटते खरी, पण साध्या संगणकासही त्या तपासण्यास फार वेळ लागत नाही. अमेरिकेतील संशोधकांना 2011 मध्ये आणखी एक गोष्ट आढळली. तेथील सरकारी अधिकारी आपले बोलणे गुप्त आहे अशा समजुतीने बोलत, आणि ते उघड्यावरच चाललेले असे. यंत्र उत्तम असले तरी वापरणारा सावध हवा.

ह्यात आमच्या विद्यार्थ्यांचे कर्तव्य कोणते? परवान्यावाचून बिनतारी यंत्र बाळगण्यास 1933 च्या कायद्याने बंदी केली. 2023 च्या दूरसंचार कायद्यातही परवानगीचे तत्त्व कायम आहे. काही ठराविक वाहिन्यांवरील अल्पशक्तीची यंत्रे तेवढी परवान्यातून मुक्त आहेत. तेव्हा स्वस्त मिळते म्हणून अनोळखी वॉकीटॉकी विकत घेऊ नये. रस्त्यावर वा किनाऱ्यावर एखादे यंत्र सापडले, तर गंमत म्हणून त्याचे बटण दाबू नये. 112 ह्या क्रमांकावर कळवून ते जवळच्या पोलीस ठाण्यात पोचते करावे. त्या क्षणी त्याच वाहिनीवर बुडत्या माणसासाठी कोणी मदत मागत असेल. आपल्या थट्टेने ती हाक बुडू नये, एवढे भान प्रत्येकाने ठेवले तरी राखणीचे निम्मे काम झाले असे आम्ही समजू.