प्रमेहाचे पूर्वरूप आणि त्याही आधीची पायरी

प्रमेहाच्या बाबतीत चरकाचार्यांनी पूर्वरूपांना जे महत्त्व दिले आहे, ते अन्य व्याधींत क्वचितच आढळते. मूत्र हळदीच्या वर्णाचे किंवा रक्तवर्णाचे असले, परंतु प्रमेहाची पूर्वरूपे आधी दिसून गेली नसतील, तर त्यास प्रमेह म्हणू नये, तो रक्तपित्ताचा प्रकोप समजावा, असा स्पष्ट निर्देश चिकित्सास्थानाच्या सहाव्या अध्यायात आहे. म्हणजे निदान ठरविण्याचा अधिकारच पूर्वरूपांकडे सोपविला आहे. असे असूनही आपल्या चिकित्सालयात प्रमेही बहुधा रक्ततपासणीचा कागद हातात घेऊनच येतो. पूर्वरूपाच्या काळात तो आलेलाच नसतो काय? आलेला असतो, पण दुसऱ्याच तक्रारीसाठी, आणि पुष्कळदा वैद्याकडे न येता औषधी दुकानाच्या काउंटरवर.

संहितांनी सांगितलेली पूर्वरूपे आपणा सर्वांस पाठ आहेत: दातांवर मळ साचणे, मुखमाधुर्य, तालु-कंठशोष, तृष्णा, हातापायांचा दाह व सुप्तता, अंगाचा चिकटपणा, केसांच्या जटा होणे, आलस्य, अतिनिद्रा, शरीराला व मूत्राला मुंग्या लागणे. प्रश्न त्यांच्या पाठांतराचा नाही, सोलापुरात ती ओळखण्याचा आहे. येथे चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या वर असतो. त्या दिवसांत तहान कोणाला लागत नाही आणि तळपायांची आग कोणाची होत नाही? रुग्णही 'उन्हाळा लागला' असे म्हणून सब्जा, वाळा नाहीतर पायाला लावायला तेल मागतो. अशा वेळी तृष्णेपेक्षा रात्री किती वेळा लघवीला उठावे लागते, हे विचारणे अधिक उपयोगी पडते. उन्हाळ्यात घामामुळे मूत्राचे प्रमाण घटते. तहान वाढूनही मूत्र वाढत असेल तर ते उन्हाचे काम नव्हे. पाऊस पडून हवा गार झाल्यावरही तळपायांची आग टिकून असेल, तर तीही उन्हाची नव्हे. दंतमलाची गोष्ट निराळी आहे. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या स्त्रियांची संख्या अजून थोडी नाही, आणि मिश्रीच्या काळ्या थराखाली हे पूर्वरूप झाकले जाते. हिरड्यांतून वारंवार पू-रक्त येणे, दात हलू लागणे ही तक्रार घेऊन कोणी दंतमंजन मागू लागला, तर मंजन जरूर द्यावे, पण साखरेची तपासणीही सुचवावी. स्त्रियांचा योनिकंडू, पुरुषांत शिस्नाग्राची वारंवार होणारी खाज व चिरा, तीन-तीनदा मलम नेऊनही न हटणारे जांघेतील गजकर्ण यांचेही तसेच.

येथे एक अप्रिय वाटणारी गोष्ट मांडणे भाग आहे. मूत्राला मुंग्या लागतात त्या मूत्रात साखर उतरल्यामुळे, आणि ती सामान्यतः रक्तातील शर्करा १८० मिलिग्रॅमच्या आसपास गेल्याखेरीज उतरत नाही. तृष्णा व बहुमूत्रता त्यानंतरची. आजच्या मापाने पाहिले तर या अवस्थेस 'पूर्व' म्हणण्याजोगे फारसे काही उरलेले नसते. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून अधिक, अथवा ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी २०० किंवा त्याहून अधिक म्हणजे मधुमेह. उपाशीपोटी १०० ते १२५, दोन तासांनी १४० ते १९९, किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के, ही मधली अवस्था. आणि ती बहुतेक वेळा मूक असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख, तर या मधल्या अवस्थेतील लोकांची सुमारे १३ कोटी ६० लाख आढळली. लक्षणांची वाट पाहणाऱ्या वैद्याला हा दुसरा वर्ग दिसणारच नाही. म्हणून निदानपंचकातील पूर्वरूपाच्याही आधीच्या पायरीवर, म्हणजे हेतूवर, आपल्याला उतरावे लागेल. ज्याच्या ठिकाणी हेतू आहे, त्याची लक्षण नसतानाही तपासणी करावी.

हेतूंत चरकांनी आस्यासुख, म्हणजे बसून राहण्याचे सुख, आरंभीच घातले आहे. पण आमच्या पूर्व भागात मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईच्या बसण्यात सुख कसले? तरीही शरीरावर त्याचा परिणाम तोच होतो. काही वर्षांपूर्वी अशीच एक चाळिशीची स्त्री मानेवरचा काळेपणा जावा म्हणून माझ्याकडे आली. हातपाय किरकोळ, पोट मात्र सुटलेले. मी मंजिष्ठा-लोध्राचा लेप दिला आणि विषय संपविला. दोन वर्षांनी ती आली ती पायाच्या अंगठ्याची न भरणारी जखम घेऊन. साखर कितीतरी वाढलेली होती, आणि शेवटी अंगठा काढावा लागला. मानेवर, काखेत, मखमलीसारखी जाड व काळी पडलेली त्वचा हे इन्सुलिनचे कार्य मंदावल्याचे चिन्ह असू शकते, हे मला वाचून ठाऊक होते. त्या दिवशी सुचले नाही. ही त्वचा घासून उजळत नाही. उटणे किंवा गोरेपणाचे मलम मागणाऱ्या गिऱ्हाइकाची मान औषध विक्रेत्याने एकदा नीट पाहावी, एवढीच विनंती.

ती स्त्री स्थूल नव्हती, हेही ध्यानात घ्यावे. चरकांनी स्थूल व कृश असे प्रमेहींचे दोन प्रकार मानून त्यांची चिकित्साही वेगळी सांगितली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचे व लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले. दोघांचा देहभारांक २२.३, शरीरातील मेद मात्र युडकिनांचा ९.१ टक्के, तर याज्ञिकांचा २१.२ टक्के. वजनकाटा पाहून कोणास निश्चिंत करू नये. कमरेस फीत लावावी. पुरुषाची कंबर ९० व स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या वर गेली की धोका धरावा. त्यात वय ३५ च्या पुढे, आई-वडिलांपैकी कोणास मधुमेह, बैठे काम यांची भर पडली तर तपासणी टाळू नये. गरोदरपणी साखर वाढलेल्या स्त्रीने तर ती ठरावीक काळाने करीत राहावी. पांडुत्व असलेल्या स्त्रीत एकट्या एचबीए१सीवर विसंबू नये. लोहाच्या कमतरतेने तो आकडा खोटा वाढतो.

या मूक अवस्थेतून परतणे शक्य आहे काय? चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी अशा ५३१ व्यक्तींवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत केवळ नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के मधुमेही झाले. आहार व चालणे यांचा सातत्याने पाठपुरावा केलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्क्यांवर राहिले. धोका पुरता टळत नाही, पण फरक लहानही नाही. सुश्रुतांनी निर्धन प्रमेह्यास शंभर योजने चालावयास, विहीर खणावयास सांगितले, त्यामागील तत्त्व हेच. आपल्या जिल्ह्यात तर साऱ्या महाराष्ट्राच्या पालख्या चालत येतात. मात्र वर्षातून एकदा पंढरीची वाट चालून उरलेले अकरा महिने बसून काढल्यास त्याचा हिशेब जुळत नाही. रोजची अर्धा तासाची झपझप चाल हवी. आणि सुश्रुतांनी पादत्राणाविना चालावयास सांगितले, ते सुप्तता आलेल्या पायांस लागू करू नये.

आहारात यव श्रेष्ठ सांगितला आहे. पण येथील सामान्य घरात यव शिजत नाही. मंगळवेढ्याच्या मालदांडीची भाकरी त्याच्या जागी योजावी, असे माझे मत आहे; हा ग्रंथाधार नव्हे. पूर्व भागातील घरांत दोन्ही वेळा भात असतो. तो एकदम बंद करा म्हटल्यास कोणी ऐकत नाही. एका वेळचा भात सोडून भाकरी, सोबत मोडाची मटकी किंवा मूग आणि पालेभाजी, एवढे बहुतेक जण पाळतात. भाकरीही पिष्टमयच आहे, म्हणून ती मोजूनच खावी. शेंगाचटणी चालेल, तिच्या निमित्ताने वाढणारी तिसरी भाकरी चालणार नाही.

वाग्भटांनी प्रमेहावर हळद व आवळ्यास अग्रस्थान दिले आहे आणि आपण ते देतोच. तथापि रुग्ण ॲलोपॅथीच्या गोळ्या घेत असल्यास साखर अकस्मात उतरण्याची शक्यता सांगून, मोजमाप ठेवूनच औषध द्यावे. चालू गोळ्या किंवा इन्सुलिन परस्पर बंद करावयास सांगू नये. औषध विक्रेत्यांनी आसव-अरिष्ट, अवलेह, च्यवनप्राश देताना 'घरात साखर कोणाला आहे काय' असे विचारण्याची सवय लावून घ्यावी. 'मधुमेह मुळापासून बरा' अशी पाटी लावणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. निनावी पुड्यांत ॲलोपॅथीच्या गोळ्या कुटून मिसळल्याची प्रकरणे देशात वेळोवेळी उघडकीस आली आहेत. त्या पुड्या फळीवर ठेवूच नयेत. तळपायांच्या आगीवरचे तेल आणि खाजेचे मलम दुसऱ्यांदा नेणाऱ्याचे नाव वहीत टिपावे, आणि तिसऱ्यांदा तो आला की आधी त्याला उपाशीपोटीच्या तपासणीला पाठवावे.