ग्लास एकाच्या हातात, पैज सगळ्यांची

मी आयुष्यभर परिचारिका म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतर यवतमाळातल्या आमच्या घराच्या वरच्या खोल्या कॉलेजच्या मुलांना भाड्याने देते. मारेगाव, झरी, आर्णी, महागाव, अशी आजूबाजूच्या तालुक्यांतली ही मुलं. बहुतेकांचे आईवडील कापूस-सोयाबीनवाले. मला सगळे काकू म्हणतात. वर गोंधळ वाढला की मी जिन्यातून आवाज देते आणि तो थांबतो, एवढा आमचा सलोखा आहे.

एका थर्टी फर्स्टच्या रात्री गोंधळ वाढला नाही, एकाएकी थांबला. थोड्या वेळाने त्यांतला एक पोरगा खाली आला. चेहरा पांढरा पडलेला. "काकू, जरा वर या ना. तो उठूनच नाही राहिला."

वर पाचजण राहत होते. त्यांतला सगळ्यांत शांत, सडपातळ मुलगा गादीवर उताणा पडला होता. तोंडाच्या कोपऱ्यात उलटी, ओठ काळपट, हातपाय गार. श्वास चालू होता, पण एक श्वास झाला की दुसऱ्याची वाट पाहावी लागत होती. "झोपू द्या काकू, सकाळपर्यंत उतरते," एकजण म्हणाला. मी त्याला डाव्या कुशीवर वळवलं, तोंड साफ केलं आणि १०८ ला फोन करायला सांगितलं. फोन हातात असूनही मुलं एकमेकांकडे पाहत राहिली. पोलीस येतील, घरी कळेल, रूम जाईल, ही भीती त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होती. शेवटी मीच फोन लावला. मुलगा दवाखान्यात गेला, वाचला. उलटी फुप्फुसात उतरल्यामुळे पुढे बरेच दिवस त्याला न्यूमोनियाने छळलं.

झालं होतं ते असं. पुण्याला शिकणाऱ्या त्यांच्या एका मित्राने व्हिस्कीची क्वार्टर पाणी न घालता एका दमात संपवल्याचा व्हिडिओ टाकला होता. खाली तिघांना टॅग केलं होतं आणि चोवीस तासांची मुदत दिली होती. आमचा मुलगा त्या तिघांतला एक. एरवी तो क्वचितच प्यायचा. त्याने क्वार्टर संपवली, टाळ्या झाल्या. ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, "बस एवढंच?" मग खोलीतूनही सुरू झालं, "अबे, एवढ्यानं काय होते!" त्याने आणखी अर्धी घेतली.

एवढ्याने काय होतं, हे आकड्यांत सांगते. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे तीस मिलीचे सहा पेग. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅमच अल्कोहोल मोडू शकतं. ते घाई करत नाही, तुम्ही कितीही मर्द असलात तरी. पंचावन्न किलोच्या मुलाने एक क्वार्टर एका दमात घेतली, तर त्याच्या दर १०० मिली रक्तातलं अल्कोहोल ढोबळमानाने १५० मिलिग्रॅमच्या वर जातं. गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा ३० आहे. दीड क्वार्टरला हाच आकडा अडीचशेच्या आसपास पोचतो. सवय नसलेल्या माणसाची शुद्ध तिथे हरपू शकते. घशात काही अडकलं तर ठसका लागून ते बाहेर येण्याची शरीराची सोय मंदावते. त्याहून वर गेलं की श्वास चालवणारं मेंदूतलं केंद्रच गुंगायला लागतं.

हळूहळू पिणाऱ्याला शरीर मधेच थांबवतं. मळमळतं, डोकं गरगरतं, पाय लटपटतात. एका दमात पिणाऱ्याला तेवढी सवडच मिळत नाही. शेवटचा घोट घेताना तो हसत असतो, कारण पोटातली दारू अजून रक्तात उतरलेली नसते. पुढचा अर्धा ते दीड तास ती चढतच राहते. म्हणून "झोपला म्हणजे उतरते" हा समज जीवघेणा आहे. झोपल्यावर ती चढत असते.

दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील आले. ते कोणावर ओरडले नाहीत. टोपी हातात धरून बराच वेळ बसून राहिले आणि मग मला म्हणाले, "माह्या पोराले कोनं पाजली, ते मी इचारत नाही बाई. पन एवढे जन होते, एकानंही बस झालं कसं नाही म्हटलं?"

तोच प्रश्न मी वरच्या चौघांना विचारला. एकाने बाटली आणली होती, पण पैसे सगळ्यांचे होते. दुसऱ्याने व्हिडिओ काढला, पण तो काढायला सांगितलं होतं. तिसरा हसत होता, कारण बाकीचे हसत होते. चौथ्याला आतून भीती वाटत होती, पण आपण भित्रे ठरू म्हणून तो गप्प राहिला. प्रत्येकाला आपला वाटा क्षुल्लक वाटत होता. ते सगळे वाटे एकत्र आले आणि एक मुलगा मरणाच्या दारात गेला. पैज पिणाऱ्याच्या एकट्याच्या हिमतीवर लागत नाही, ती बघणाऱ्यांच्या जोरावर लागते. माझं सांगणं एवढंच आहे, आणि पुढचं सगळं त्यातूनच येतं.

अमेरिकेतल्या टेम्पल विद्यापीठातले मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. किशोरवयीन मुलं, तरुण आणि प्रौढ यांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला, काहींना एकट्याने आणि काहींना मित्रांसमोर. मित्र बघत असताना किशोरांनी कितीतरी जास्त धोके पत्करले, तरुणांनीही पत्करले. प्रौढांमध्ये मात्र जवळपास फरक पडला नाही. म्हणजे विशीतल्या पोराची अक्कल एकट्याने असताना वेगळी चालते आणि चार डोळ्यांसमोर वेगळी. आता मोबाइलमुळे बघणारे डोळे खोलीपुरते उरले नाहीत. पुण्यातले, नागपुरातले, न पाहिलेले, न भेटलेलेही त्या खोलीत असतात. फक्त तो पडतो तेव्हा त्यांतलं कोणी उचलायला नसतं.

हे खूळ जुनं आहे. २०१४ च्या सुरुवातीला आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये 'नेकनॉमिनेट' नावाने हीच पैज पसरली होती. कॅमेऱ्यासमोर दारू रिचवायची, मित्रांची नावं घ्यायची, चोवीस तास द्यायचे. तिथे तरुण मुलं मेली. एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यात एकवीस वर्षांच्या तरुणाने दहा हजारांच्या पैजेपायी दारूच्या पाच बाटल्या पाणी न घालता प्यायल्या आणि जीव गमावला. त्याचं मूल तेव्हा अवघ्या काही दिवसांचं होतं. पैज लावणाऱ्या मित्रांवर गुन्हा दाखल झाला. मैत्रीत लावलेली पैज पोलिस ठाण्यात गेली की मैत्रीची राहत नाही. निष्काळजीपणामुळे कोणाचा जीव गेला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आपल्या जिल्ह्यानेही "एवढ्याने काय होतं"ची किंमत मोजली आहे. एप्रिल २०२१ च्या लॉकडाऊनमध्ये दारूची दुकानं बंद होती, तेव्हा वणीत सॅनिटायझर पिऊन सात जणांचा मृत्यू झाला. ती पैज नव्हती, व्यसनाची तडफड होती. पण नशेसाठी काहीही पोटात घातलं तरी शरीर सांभाळून घेईल, हा भ्रम दोन्हीकडे सारखाच. व्यसनाने गांजलेल्या माणसाची तरी कीव येते. धडधाकट पोरं काही सेकंदांच्या व्हिडिओसाठी त्याच वाटेला जातात, तेव्हा जीव तुटतो.

आता ज्याला टॅग केलं जातं, त्याच्याशी बोलते. बाळा, पाजणारे कितीही असोत, गिळणारा घसा तुझाच आहे. त्यामुळे पहिली जबाबदारीही तुझीच. नकार आयत्या वेळी सुचत नाही, तो आधीच ठरवून ठेव. "मी हे करत नाही," एवढं बोल आणि थांब. कारणं देत बसलास की प्रत्येक कारणाला उत्तर तयार असतं. फारच आग्रह झाला तर गाडी माझ्याकडे आहे, औषध चालू आहे, असं काहीही सांगून तिथून ऊठ. जीव वाचवणाऱ्या थापेचं पाप लागत नाही. जाण्याआधी एका मित्राशी बोलून ठेव, म्हणजे तू नाही म्हटलंस की तो लगेच "मीपण नाही" म्हणेल. दोघं झाले की भित्रं कोणी ठरत नाही. चोवीस तासांची मुदत कोणत्याही कायद्यात नाही. टॅग काढून टाक आणि झोप. हे मुलींनाही तितकंच सांगते. वजन कमी आणि शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, त्यामुळे तेवढ्याच दारूचा त्यांच्यावर परिणाम जास्त होतो.

टॅगला उत्तर द्यायचंच असेल, तर उलटून दे. २०१४ मध्ये जोहान्सबर्गच्या ब्रेंट लिंडेक या तरुणाला असंच नॉमिनेट केलं गेलं होतं. त्याने दारू न पिता सिग्नलवरच्या बेघर माणसाला खायला दिलं, तो व्हिडिओ टाकला आणि पुढच्यांना तसंच करायला सांगितलं. त्याच वर्षी हैदराबादच्या मंजूलता कलानिधी यांनी डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घेण्याच्या चॅलेंजऐवजी गरजूला बादलीभर तांदूळ देण्याचं आवाहन केलं आणि देशभर लोकांनी ते उचललं. रक्तदान करून तिघांना टॅग करायला यवतमाळात कोणी अडवलेलं नाही.

आणि जो बघतो आहे, त्याला माझं सांगणं. फोन खाली ठेव. कॅमेरा बंद झाला की निम्मी पैज तिथेच मोडते. लाइक देऊ नकोस, पुढे पाठवू नकोस, "बस एवढंच?" असं लिहू नकोस. २०१८ मध्ये किकी चॅलेंजच्या नादात लोकलबाहेर नाचणाऱ्या विरारच्या तिघांना न्यायालयाने तीन दिवस वसई स्थानक साफ करायला लावलं. त्यांचा व्हिडिओ बघून टाळ्या वाजवणाऱ्या कोणालाही झाडू धरावा लागला नाही. म्हणूनच बघणाऱ्याने आपला हिशेब स्वतः करावा.

कोणी पडलाच, तर हे लक्षात ठेवा. हाक मारून, चिमटा काढून जाग येत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड पडत असेल, ओठ-नखं निळसर, अंग गार, झोपेत उलटी किंवा झटके, यांतलं एकही दिसलं तरी लगेच १०८ लावा. सगळी लक्षणं दिसायची वाट पाहू नका. त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडा, तोंड किंचित खाली झुकवा. अंगावर पांघरूण घाला. एकटं सोडू नका. लिंबूपाणी, ताक, कॉफी काही पाजू नका, बेशुद्धाच्या तोंडात घातलेलं थेट श्वासनलिकेत जाऊ शकतं. मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोटं घालून उलटी काढू नका. गार पाण्याखाली धरू नका, धरून चालवू नका. काय प्यायला, किती, किती वाजता, सोबत कुठल्या गोळ्या घेतल्या का, हे डॉक्टरांना खरं सांगा. रागावणी उद्या खाता येईल, श्वास उद्यावर टाकता येत नाही.

आईवडिलांनाही एक विनंती. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि व्हिस्की-रमसाठी २५ वर्षं पूर्ण असावी लागतात, हे मुलांना माहीत असतं. म्हणूनच ती घाबरून फोन करत नाहीत. "कुठेही, कितीही वाजता अडकलास तर आधी मला फोन कर, त्या रात्री मी एक शब्द बोलणार नाही," हे वचन मुलाला आजच द्या आणि पाळा. पिणं सवयीत उतरतंय असं वाटलं, तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतं आहे. तिथे जाण्यात कमीपणा नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या बायांनी 'स्वामिनी' या संघटनेच्या झेंड्याखाली दारूबंदीसाठी मोर्चे काढले. गावातलं दुकान मतदानाने बंद करण्याची सोय आपल्या राज्यात आहे. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर, म्हणजे बंदीच्या खुणेवर, शिक्का मारला की दुकानाला कुलूप लागतं. त्या बायांवरही दबाव असतो, घरचा, गावातल्या पुढाऱ्यांचा, दुकानदाराचा. तरी त्या मोजणीत जिंकतात, कारण पहिली बाई उठली की दुसरीला बळ येतं. संगतीचा जोर वाईटाकडेच ओढतो असं नाही. तो कोणत्या बाजूने लावायचा, हे संगतीतल्या प्रत्येकाने ठरवायचं असतं. पोरांनो, तुमच्या खोलीला तर मोर्चा लागत नाही, सह्या लागत नाहीत, सरकारी अधिकारी लागत नाही. पाचांतल्या तिघांनी "बस झालं" म्हटलं की बाटली आडवी झाली.