मागे राहिलेल्यांचं मन
मुकादमाची उचल घेतलेली जोडपी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कारखान्यावर जातात. अंबाजोगाईच्या वस्तीत म्हातारी माणसं उरतात. विहारातली वंदना थांबते, संध्याकाळी कुणी कुणाची चौकशी करायची हेही ठरलेलं राहत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९७ मध्ये आत्महत्यांवरच्या ग्रंथात दाखवलं, की समाजाचे नेम ढासळले की माणूस सुटा पडतो. हे वेड नव्हे, आणि गेल्या जन्मीचं पाप तर नव्हेच.

झोप उडाली, जेवण सुटलं, बोलणं तुटलं, तर 'मरावंसं वाटतं का?' असं सरळ विचारा. विचारल्यानं तसं मनात येत नाही, उलट माणूस मोकळा होतो. मग एकटं सोडू नका. स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात दाखवा. १४४१६ वर फोन फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. आणि चारच जण असले तरी वंदना चालू ठेवा.